निकम साहेबांचा तिसरा गिअर

इंजिनवाल्या मिस्त्रीला गिऱ्हाईक मुलीच्या लग्नाची पत्रिका देतं, पेंटरचं कौतुक चारचौघांत करतं, आणि गिअरबॉक्सवाल्याची आठवण त्याला गाडी चौकात अडली की होते. माझी सगळी हयात नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात गिअरबॉक्स उघडण्यात गेली, तेव्हा हे तक्रार म्हणून सांगत नाही, अनुभव म्हणून सांगतोय. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे उगाच विनय दाखवायला नको. नाशिकपासून मालेगावपर्यंत नुसता आवाज ऐकून आत काय झिजलंय ते सांगणारे मिस्त्री फार नाहीत, आणि जे आहेत त्यांतले बरेचसे माझ्याच गॅरेजात शिव्या खाऊन तयार झालेत.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगतो. इंजिन एका वेगानं फिरत असतं, चाकं दुसऱ्याच. दोघांच्या मध्ये दातेरी चाकांचा डबा असतो, तो गिअरबॉक्स. तुम्ही गिअरचा दांडा ओढता तेव्हा एक फिरती वस्तू दुसऱ्या फिरत्या वस्तूत अडकवत असता. वेग जुळले नाहीत तर दात दातांवर आपटतात आणि करकर ऐकू येते. ते होऊ नये म्हणून मध्ये पितळेची एक कडी असते. धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी दोन पावलं एसटीबरोबर पळतो आणि मगच दांडी धरतो ना, ते दोन पावलं पळण्याचं काम ही कडी करते. ती झिजली, की न पळताच उडी. दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे फोर्क, आपल्या भाषेत बेचकं. तुमचा हात दांड्याला ढकलतो, दांडा बेचक्याला आणि बेचकं गिअरला. या बेचक्यानं गिअर बदलताना क्षणभर जोर लावायचा आणि नंतर मोकळं राहायचं, एवढंच त्याचं आयुष्य आहे.

पण आपल्याकडच्या ड्रायव्हरला डाव्या हाताचं काय करावं ते कळत नाही. तो हात दांड्यावर ठेवून देतो. आत बेचकं दिवसभर गिअरला घासत राहतं. गिअरबॉक्स उघडून बेचकं हातात घेतलं की गाडी चालवणारा माणूस उतावळा आहे, आळशी आहे की घाबरट, हे मी सांगू शकतो. बायकोला विचारून खात्री करून घेतलेली गिऱ्हाइकंही मला माहीत आहेत.

देवळ्याहून कांदा आणणारा एक पिकअपवाला होता. गिअरबॉक्स घुमतो म्हणून त्यानं गावाकडच्या कुणा शहाण्याचं ऐकून तेलात लाकडाचा भुसा कालवला. जुन्या गाड्या विकणाऱ्यांची ही युक्ती आहे, आवाज दबतो आणि गाडी खपते. याला गाडी विकायची नव्हती, चालवायची होती.

"दादा, आवाज तं बंदच झाला व्हता," तो मला मोठ्या दुःखानं म्हणाला. "मंग एकाएकी गिअरच पडंना."

मी झाकण काढलं तर आत शेवयांच्या खिरीसारखा लगदा. "अरे, भुसा आवाज बंद करायला घातलास की दुखणं बरं करायला?" मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, "लय डोकं दुखायचं ना दादा त्या आवाजानं." माणसं दुखण्यावर नाही, आवाजावर इलाज शोधतात. हे वाक्य मी त्या दिवशी हसण्यावारी नेलं होतं.

आता निकम साहेबांची गोष्ट. तीच सांगायची म्हणून हा सगळा प्रपंच.

निकम साहेब एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. टर्बाइनवर आयुष्य काढलेला माणूस. घर नाशिकरोडला, पत्नी नाहीत, मुलगी मनीषा कॉलेजात शिकवते आणि त्यांच्याजवळच राहते. त्यांच्याकडे एक विलायती स्पोर्ट्स कार होती, साठ-बासष्टच्या सुमाराची, दोन सीटांची, उघड्या टपाची. देवळालीच्या एका बंगल्यात ती त्यांना सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या म्हणे. तरुणपणी त्यांनी ती भंगाराच्या भावात उचलली आणि सुट्टीच्या दिवशी एकेक भाग जमवून उभी केली. लाल रंगाची ती गाडी नाशिकरोडवरून गेली की भाजीवालेही मान वळवत.

गेल्या वर्षी ती टेम्पोवर चढून माझ्याकडे आली. साहेब मागोमाग रिक्षानं.

"सुरेश, तिसरा राहत नाही," ते म्हणाले. "ॲक्सिलरेटर सोडला की गिअर सुटतो. किती वर्षं दांडा दाबून धरूनच चालवतोय. आता दुसराही करकरायला लागलाय. हिची थरथर एवढी वाढलीय की माझा हातसुद्धा हलायला लागला, बघ."

त्यांनी डावा हात पुढे केला. हात खरंच हलत होता. पण गाडी तेव्हा टेम्पोवर होती, इंजिन बंद होतं, आणि हात हलतच होता. मी एवढंच म्हटलं, "बघतो साहेब, उघडून बघतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मनीषाताई एकटी आली. मी पोळीभाजीचा डबा उघडत होतो. तिनं बसायला नको म्हटलं.

"काका, एक विनंती आहे. बाबांना सांगा, पार्ट मिळत नाहीत. गिअरबॉक्स होणार नाही म्हणून सांगा."

मी पोळीचा घास परत डब्यात ठेवला.

"त्यांना कंपवात आहे," ती म्हणाली. "डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीय. बाबा म्हणतात, डॉक्टरला गाडीतलं काय कळतं, हाताला काही झालेलं नाही, गिअरबॉक्स खराब आहे. परवा उड्डाणपुलावरून उतरताना तिसरा सुटला. ते खाली दांड्याकडे बघत बसले आणि गाडी एका स्कूटरवाल्या बाईच्या अंगावर गेली. मागे लहान मुलगी बसलेली होती. हातभर अंतरानं वाचल्या काका दोघी. मी शेजारीच होते. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. तुम्ही होत नाही म्हणालात तर ऐकतील. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

खोटं बोलणं गॅरेजवाल्याला जड जातं असं कोणी समजू नये. 'उद्या संध्याकाळी मिळेल' हे वाक्य आम्ही रोज बोलतो. पण 'होणार नाही' हे मी गिअरबॉक्सच्या बाबतीत कधी बोललो नव्हतो, आणि तेही पार्ट मिळत असताना. त्या गाडीचे पार्ट विलायतेत अजून बनतात, मोबाइलवर मागवले की घरी येतात. साहेबांना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. नसतं ठाऊक तरी शोधून काढलं असतं त्यांनी. अभिमानाचाही भाग होता, तो लपवत नाही. माझ्याकडून एक बॉक्स परत गेला असं बाजारात कशाला म्हणू द्यायचं?

पण त्याहून मोठं कारण दुसरं होतं. "ताई," मी म्हटलं, "मी नाही म्हणालो तर ते थांबणार नाहीत. तशीच गाडी दांडा दाबत चालवतील. बिघडलेला हात आणि बिघडलेला गिअर, दोन्ही एकत्र रस्त्यावर येतील. त्यापेक्षा मला बॉक्स करू द्या. पहिली फेरी ते मला शेजारी बसवून मारतील, मोठ्या रस्त्यावर नाही, वीज केंद्राच्या कॉलनीत. मला पटलं नाही तर तिथल्या तिथं तोंडावर सांगेन आणि चावी तुमच्या हातात देईन."

"आणि पटलं तर?" तिनं विचारलं.

मी डब्याचं झाकण लावलं. ती गेली, आणि जेवणावरची माझी वासना गेली.

साहेबांना मी अट सांगितली. "तू काय आरटीओ लागून गेलास का?" ते उखडले. "या गाडीपुरता आहे," मी म्हटलं. ते हसले आणि कबूल झाले.

त्या गाडीत गिअरबॉक्स एकटा खाली येत नाही, इंजिनासकट उचलून काढावा लागतो. तो काढला, बाकावर ठेवला, उघडला. साहेब रोज येऊन स्टुलावर बसत. तो काळ माझ्या फार आनंदात गेला हे मान्य करायला हवं. टर्बाइनवाला माणूस, प्रश्न विचारायचा तो नेमका विचारायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसायचा. अशी गिऱ्हाइकं भाग्यानं मिळतात.

आधी तेल काढलं. जाड, काळं, उग्र वासाचं.

"हे कोणी घातलं साहेब?"

"मीच. बाजारातलं सगळ्यात चांगलं, ट्रकला घालतात ते नव्वद नंबरचं. का?"

हीच खास आपल्याकडची चूक. गिअरबॉक्स म्हटला की जाड तेल, आणि जितकं जाड तितकं चांगलं, ही समजूत ट्रॅक्टर आणि ट्रकवरून आलेली. या विलायती बॉक्सला साधं इंजिनाचं तेल लागतं. ट्रकच्या तेलात जे औषध घालतात ते पोलादाला जपतं, पण पितळेला खातं. पितळेची कडी मी त्यांच्या हातात दिली. आतली नक्षी पार गुळगुळीत झालेली.

साहेब कडी बोटावर फिरवत म्हणाले, "टर्बाइनला कधी एक थेंब भलत्या तेलाचा पडू दिला नाही सुरेश. नोटिसा काढल्या असत्या लोकांवर. आणि घरच्या गाडीला स्वतः विष पाजत होतो."

मग तिसऱ्याचं बेचकं काढलं. एका बाजूनं ते इतकं घासलेलं होतं की कानशीनं कोणी मुद्दाम तासलंय असं वाटावं.

"हे तुमच्या हाताचं काम," मी म्हटलं.

"गिअर सुटतो म्हणून धरत होतो रे."

"आणि धरत होता म्हणून आणखी सुटत होता."

त्यांनी ते बेचकं किती तरी वेळ न्याहाळलं. "एवढा जोर होता माझ्या हातात," असं काहीसं पुटपुटले. त्यात खेद होता की कौतुक, मला ओळखता आलं नाही.

कड्या आणि तिसऱ्या गिअरचा भाग विलायतेहून मागवला. मनीषाताईनंच मागवला, मनाविरुद्ध. झिजलेला आतला शाफ्ट सातपूरला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नवा करून घेतला. बेचकं मात्र मी बदललं नाही. घासलेल्या जागी पितळ भरलं आणि कानशीनं मापात आणलं. नवं मिळत होतं, पण हे काम करणारे हात आता कमी राहिलेत, माझे राहिलेत तोवर करून घ्यावं असं वाटलं.

जुळणीच्या दिवशी एक गोष्ट झाली. त्या शाफ्टच्या आत सुयांसारखी बारीक बेअरिंगं असतात, ती ग्रीसमध्ये एकेक चिकटवत बसवायची. साहेब म्हणाले, मला दे, मी लावतो. मी डबी पुढे सरकवली. पहिली सुई लागली. दुसरी खाली पडली. तिसरी पडली. चौथी उचलतानाच निसटली आणि फरशीवर टुणटुणत गेली. मी इकडे कपड्यानं पाना पुसत बसलो, स्वच्छ पाना.

"चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं," साहेब म्हणाले. "तूच लाव."

मी वाकून सुया वेचल्या आणि लावल्या.

फेरीसाठी एकलहऱ्याची जुनी कॉलनी निवडली. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंनी झाडं, वर चिमण्यांचा धूर, आणि दुपारच्या वेळी रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ. साहेबांची सगळी नोकरी तिथंच झालेली, वळणन् वळण पाठ. मनीषाताई स्कूटरवर मागे आली आणि गेटापाशी झाडाखाली उभी राहिली.

आधी मी चालवली. खोटी नम्रता नको, बॉक्स लोण्यासारखा झाला होता. दुसरा बोटाच्या टोकानं पडत होता. तिसरा टाकला, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला, हात काढून मांडीवर ठेवला. दांडा जागचा हलला नाही. शेजारी साहेब लहान मुलासारखे हसत होते. मग आम्ही जागा बदलल्या. माझा हात हँडब्रेकवर तयार होता, आणि उड्डाणपुलावरची ती स्कूटर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तिच्यावरची लहान मुलगी मी पाहिलेलीही नव्हती.

पहिला पडला. गाडी निघाली. दुसऱ्याला करकर झाली.

"नवीन आहे," साहेब म्हणाले. "बसेल हळूहळू."

थांबून पुन्हा निघालो, पुन्हा करकर. हात दुसऱ्याच्या वाटेवर सरळ जातच नव्हता, मध्ये थबकत होता, बाजूला घसरत होता. मग तिसरा. तो पडला, आणि सवयीप्रमाणे त्यांनी दांडा मुठीत घट्ट आवळून धरला.

"साहेब, हात काढा. राहतो तो."

"नको रे."

"काढून तर बघा. माझ्यावर विश्वास आहे ना?"

त्यांनी मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवला. गाडी चालली होती. दांडा उभा होता, स्थिर, भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा. आणि त्याच्या शेजारी, वितीच्या अंतरावर, त्यांचा हात थरथरत होता. त्यांनी एकदा दांड्याकडे बघितलं, एकदा हाताकडे. मग सावकाश गाडी कडेला घेतली, गुलमोहराखाली, आणि इंजिन बंद केलं.

वीज केंद्राचा घुमणारा आवाज तेवढा येत होता.

"सुरेश," ते म्हणाले, "काम एक नंबर केलंस. काही दोष ठेवला नाहीस." थोडं थांबून म्हणाले, "आता कोणाच्या नावावर ढकलू?"

मला तोंडावर सांगायचं होतं, त्याची तयारी करून आलो होतो, मनात वाक्यं घोळवली होती. त्यांनी एकाचीही गरज ठेवली नाही. त्यांनी स्वतःच चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

त्या दिवसाचा विचार मी अजून करतो. खोटं बोललो असतो, तर गाडी म्हातारी ठरली असती. खरं काम केलं, म्हणून माणूस म्हातारा ठरला. मनीषाताईनं मागितलं होतं ते एका अर्थानं त्या माणसासाठी दयाळूपणाचं होतं. गाडीच आता होत नाही, असं म्हणत त्यांनी उरलेले दिवस मजेत काढले असते, गाडीला शिव्या देत. पण ती स्कूटरवरची पोर आठवली की वाटतं, केलं ते बरोबरच केलं. ज्याच्या हातून काम झालं त्यालाच त्याचं वाईटही वाटावं, असं माझ्या धंद्यात एकदाच घडलं.

मनीषाताई पळतच आली होती. तिला वाटलं, काहीतरी झालं. साहेब दार उघडून उतरले आणि तिला म्हणाले, "बस."

"मी?" ती म्हणाली. त्या गाडीच्या स्टिअरिंगला तिनं कधी हात लावलेला नव्हता, लावू दिलेला नव्हता.

"मग काय सुरेश नेणार का घरी? बस."

मी उतरून चावी ताईच्या हातात ठेवली आणि जागा मोकळी केली. ती स्टिअरिंगवर बसली, साहेब डावीकडे तिच्या शेजारी. ती घाबरलेली होती. गाडी पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा चार पावलं गेली आणि दुसरा टाकताना अशी काही करकरली की मी कानांवर हात ठेवले. नव्याकोऱ्या कड्या!

"थांब," साहेब म्हणाले. "तू दांड्याकडे बघूच नकोस. समोर बघ आणि मी सांगेन तेव्हा फक्त क्लच दाब."

आणि त्यांनी दांड्यावर हात ठेवला, उजवा. शेजारच्या सीटवर बसल्यावर तो दांडा त्यांच्या उजव्या हाताशी येत होता, हे आमच्या तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलेलं नव्हतं. उजवा हात अजून चांगला होता.

"दाब," ते म्हणाले. पहिला पडला. गाडी हळूच निघाली, माझ्या अंगावरून पुढे गेली. ताईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर.

"दाब."

मी कान लावून रस्त्याच्या कडेला उभा होतो. दुसरा पडला, आणि काहीही ऐकू आलं नाही.